घरचा वाय-फाय राउटर आणि डेटाचा बॅकअप: निवड, जोडणी, तपासणी

घरातलं वाय-फाय आणि घरातला डेटा हे दोन वेगळे विषय धरले जातात आणि त्यांच्यावर वेगवेगळ्या वेळी खर्च होतो. राउटरवर गरजेपेक्षा जास्त पैसे जातात, बॅकअपसाठी काही उरत नाही. खरं तर मध्यम आकाराच्या फ्लॅटला साधा पण पारखून घेतलेला राउटर पुरतो, आणि वाचलेली रक्कम हार्ड डिस्कच्या कामी येते. राउटर जळाला तर संध्याकाळपर्यंत नवा आणता येतो. बारशाचे फोटो बाजारात मिळत नाहीत. म्हणून दोन्हींचं बजेट एकत्रच करा.

इथे उदाहरणाला घर धरलंय ते पुण्या-ठाण्याकडचं नेहमीचं: आरसीसी इमारत, ७५० ते ९०० चौरस फुटांचा टू बीएचके, १०० ते ३०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन, चार-पाच फोन, दोन लॅपटॉप, एक टीव्ही.

खरेदीआधी घर मोजा

कंपनीने लावलेल्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, लॅपटॉप लॅन केबलने जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. वाय-फाय बंद ठेवून. प्लॅनच्या जवळपासचा आकडा आला तर लाइन ठीक आहे, दोष घरातल्या वाय-फायचा. केबलवरच आकडा कमी असेल तर आधी कंपनीकडे तक्रार करा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

एक आकडा मात्र ओळखून ठेवा. प्लॅन २०० किंवा ३०० चा आणि टेस्ट दर वेळी ९४-९५ वर अडकतेय, असं दिसलं तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची जोडणी आहे. बऱ्याच ओएनटींना एकच पोर्ट गिगाबिट (म्हणजे १००० एमबीपीएसचा) असतो, बाकीचे १०० चे; पोर्ट बदलून बघा. तरीही तेच आलं तर केबल बघा. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, १०० ला दोन पुरतात. एक तार कनेक्टरमध्ये नीट बसली नाही तरी जोडणी तक्रार न करता १०० वर उतरते, आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

आता फोनवर वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप घ्या. आयफोनवर अ‍ॅपलचं एअरपोर्ट युटिलिटी घेऊन सेटिंग्जमध्ये त्याचा वाय-फाय स्कॅनर सुरू करावा लागतो. सिग्नल उणे डीबीएममध्ये दिसतो. उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो, उणे ७५ ला चित्र अडकायला लागतं, उणे ८० च्या पुढे नुसत्या रेघा दिसतात, काम होत नाही. पलंगाची उशाकडची बाजू, अभ्यासाचं टेबल, स्वयंपाकाचा ओटा, गॅलरी, टीव्हीची जागा, सगळीकडे फोन नेहमी धरता तसा धरून, दारं लावून आकडा घ्या आणि कागदावर लिहा. दारं लावून यासाठी की रात्री घर तसंच असतं. नवा राउटर लावल्यावर याच जागी पुन्हा आकडे घ्यायचे आहेत.

जागा आधी, राउटर नंतर

फायबर टाकणारा माणूस वायर जिथून आत येते तिथेच डबा ठोकतो: मुख्य दाराच्या वर किंवा गॅलरीच्या कोपऱ्यात. मग अर्धा सिग्नल जिन्याला नाहीतर शेजाऱ्याला जातो. त्यातून तो डबा टीव्ही युनिटच्या ड्रॉवरमध्ये गेला की उरलेलाही संपतो. काँक्रीटचे बीम-कॉलम, लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी या पाच गोष्टी वाटेत नकोत. जुन्या वाड्यातली दीड-दोन फुटी दगडी भिंत असेल तर पलीकडच्या खोलीची आशा एकाच राउटरवर ठेवू नका.

चांगली जागा म्हणजे हॉल आणि पॅसेज मिळतात तो नाका, जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, मोकळ्यावर. तिथे ओएनटी हलवू नका. फायबर काचेचं असतं. टोकदार वळवलं की आतून तडकतं आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत घर बंद. ओएनटी आहे तिथेच राहू द्या आणि तिथून नाक्यापर्यंत कॅट-६ लॅन केबल न्या. केसिंग पट्टीतून, छताच्या कडेने. पूर्वीच्या डिश किंवा केबल टीव्हीच्या वायरचा पाइप मोकळा असेल तर त्याच वायरला नवी केबल बांधून ओढून घ्या. विजेच्या वायरींच्या पाइपात मात्र लॅन केबल घालू नका.

केबल घेताना शुद्ध तांब्याचीच मागा. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल सर्रास मिळते, दिसायला तशीच. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसलं तर परत करा. ती वाकवताना तुटते आणि कनेक्टरमध्ये काही महिन्यांत सैल होते. कनेक्टर बसवताना दोन्ही टोकांना एकच क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. चुकतं ते नेहमी मधल्या चारांत. हिरव्याची जोडी शेजारी-शेजारी लावली जाते, पण तिच्यामध्ये निळ्याची जोडी यायची असते. क्रिंप करण्याआधी, म्हणजे पक्कडीने दाबून पक्का करण्याआधी, कनेक्टर उजेडासमोर धरा. आठही तारांची टोकं समोरच्या प्लास्टिकला टेकलेली दिसली पाहिजेत, आणि बाहेरचं जाड आवरण कनेक्टरच्या आत गेलेलं पाहिजे. आवरण बाहेर राहिलं तर सगळा ताण बारीक तारांवर येतो.

कोणता राउटर

खोक्यावरच्या मोठ्या आकड्याने फसू नका. एएक्स३००० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२ यांची बेरीज. एका वेळी एका फोनला ती कधीच मिळत नाही. शिवाय २४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल लागतो, आणि तो पकडणारे फोन थोडे. सर्वसाधारण फोन ८० मेगाहर्ट्झवर १२०१ ची जोडणी करतो आणि प्रत्यक्षात त्याच्या साधारण निम्मा वेग देतो. तोही ३०० च्या प्लॅनला भरपूर झाला.

बघायच्या गोष्टी चारच. पहिली, सगळे पोर्ट गिगाबिट. एसी१२०० लिहिलेल्या कित्येक स्वस्त राउटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात, आणि ही गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरात असते किंवा नसतेच; कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलचा आणि त्याच व्हर्जनचा तक्ता उघडून वाचा. दुसरी, वाय-फाय ६. गर्दीच्या सोसायटीत त्याचा उपयोग होतो. वाय-फाय ७ साठी जास्तीचे पैसे आज या घराला द्यायची गरज नाही. तिसरी, फर्मवेअरचे, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट अजून येतात का. शेवटचा अपडेट दोन वर्षांपूर्वीचा असेल तर ते मॉडेल सोडा. चौथी, अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्टचा आहे का. याचं कारण वीज जाते तेव्हा कळतं, पुढे येतंच आहे. अँटेना किती, हे विचारूही नका.

नाक्यावर एक राउटर ठेवून टू बीएचके बहुधा आवाक्यात येतो. लांब पॅसेजचा थ्री बीएचके किंवा दुमजली घर असेल तर दोन युनिटांचा मेश, म्हणजे मिळून एकच वाय-फाय देणारी राउटरांची जोडी, घ्या, पण दोन्ही युनिटं केबलने जोडा. बिनकेबल दोन-बँडी (फक्त २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या) मेशमध्ये दुसरं युनिट ज्या लहरींवर फोनशी बोलतं त्याच लहरींवर पहिल्याशीही बोलतं, त्यामुळे वेग अर्ध्यावर येतो. स्वस्तातल्या एक्स्टेंडरचंही तेच. आणि तो लोक जिथे सिग्नल मेलेला असतो तिथेच लावतात. मेलेला सिग्नल पुढे ढकलून काय मिळणार?

जोडणी

दोन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे ओएनटी राउटरचं काम करत राहील आणि तुमचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वाय-फाय देण्यापुरता, चालेल.

आधी नव्या राउटरला फक्त वीज द्या. मागच्या लेबलवरचं वाय-फाय नाव आणि पासवर्ड वापरून जोडा, त्याचं सेटिंगचं पान उघडा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, फर्मवेअर अद्ययावत करा. अपडेट आपोआप उतरत नसेल तर फाइल आधी लॅपटॉपवर उतरवून घ्या. मग ऑपरेशन मोडमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट निवडा. राउटर रीस्टार्ट झाला की ओएनटीच्या गिगाबिट लॅन पोर्टातून आलेली केबल त्याच्या वॅन (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या) पोर्टात घाला. शेवटी ओएनटीचं वाय-फाय बंद करा. हे विसरलं तर फोन जुन्या लांबच्या सिग्नलला चिकटून राहतात आणि नव्या राउटरवर खापर फुटतं.

दुसरा मार्ग ओएनटी ब्रिज मोडला टाकण्याचा, म्हणजे ओएनटी फक्त लाइन पुढे देईल आणि राउटरचं काम तुमचा राउटर करेल. तेव्हा तुमच्या राउटरमध्ये पीपीपीओई (लॉगिन करून जोडण्याची पद्धत) निवडून कंपनीचं युजरनेम, पासवर्ड आणि बहुधा व्हीलॅन आयडी (कंपनीच्या जाळ्यातला एक क्रमांक) भरावा लागतो. हे तिन्ही हातात आल्याशिवाय ओएनटीला हात लावू नका, आणि लँडलाइन त्याच डब्यातून असेल तर ती चालू राहील का हे आधी विचारा. सगळ्या कंपन्या ब्रिज मोड देत नाहीत.

या दोन्हींच्या मध्ये अडकलेली जोडणी सर्वांत त्रासदायक. ओएनटीही राउटर आणि तुमचाही राउटर. मग फोन एकाच्या जाळ्यात आणि प्रिंटर दुसऱ्याच्या, दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. त्यात दोन्हींचा पत्ता १९२.१६८.१.१ असला तर इंटरनेटच बंद पडू शकतं. हीच जोडणी ठेवणं भाग असेल तर तुमच्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.५०.१ करा आणि घरातलं सगळं त्याच्याच मागे जोडा.

वाय-फायच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झला रुंदी २० मेगाहर्ट्झ आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा. मधले चॅनेल दोन्हीकडच्या गोंगाटात सापडतात. ५ गिगाहर्ट्झला रुंदी ८० आणि चॅनेल ३६ किंवा १४९. ५२ ते १४४ मधले बहुतेक चॅनेल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की राउटर चॅनेल सोडतो आणि घरातल्या सगळ्यांचे कॉल एकदम तुटतात. विमानतळाजवळ राहत असाल तर हे लक्षात असू द्या. सुरक्षेला डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र, डब्ल्यूपीएस (बटण दाबून बिनपासवर्ड जोडण्याची सोय) बंद. स्मार्ट बल्ब, कॅमेरे आणि पाहुणे यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क. अशा बल्ब-प्लगांना बहुतेक वेळा २.४ च लागतं. अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये काही राउटरांचं गेस्ट नेटवर्क घरच्या नेटवर्कपासून वेगळं राहत नाही. पाहुण्याच्या फोनवरून प्रिंटर दिसतो का, ते एकदा बघा.

वीज

लाइट गेली की ओएनटी आणि राउटर दोन्ही चालू राहिले तरच नेट राहतं. दोन्ही १२ व्होल्टचे असतील तर दोन आउटपुटचा मिनी यूपीएस पुरतो. हिशोब करून घ्या. आत २६०० एमएएचचे तीन सेल ओळीने जोडलेले असतील तर ११.१ गुणिले २.६ म्हणजे सुमारे २९ वॉट-तास, घट धरून २४. ओएनटी आणि राउटर मिळून १२ ते १५ वॉट घेत असतील तर दीड-दोन तास मिळतील. खोक्यावर ‘चार तास’ लिहिलेलं असतं ते एकट्या छोट्या राउटरचं. पिन बघून घ्या: ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिलिमीटर या दोन जवळजवळ सारख्या दिसतात, आणि चुकीची बसवली तर ती सैल राहून राउटर मध्येच रीस्टार्ट होतो. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदल होईपर्यंतचा क्षण राउटरला बंद पाडायला पुरतो.

वळवाच्या पावसात विजा कडकडायला लागल्या की अ‍ॅडॉप्टर प्लगमधून काढा. गच्चीवरून तांब्याची लॅन केबल आलेली असेल तर तीही काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण प्लगमधून येतेच.

आता डेटा

घरात किती डेटा आहे ते आधी मोजा. सगळ्या फोनांतले फोटो-व्हिडिओ, लॅपटॉपमधले फोल्डर, जुन्या पेन ड्राइव्ह आणि सीडी. बेरीज ६०० जीबी आली तर दुप्पट-तिप्पट जागा धरा, म्हणजे २ टीबी. डिस्क जोडल्यावर विंडोजवर २ टीबीऐवजी १.८१ दिसतं. यात फसवणूक नाही, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

नियम जुना आणि पक्का आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. गुगल फोटोज किंवा आयक्लाउड ही सोय चांगली आहे, पण ती एकच प्रत धरा. फोनवर पुसलेला फोटो तिथूनही पुसला जातो, आणि गुगल फोटोजच्या कचरापेटीत तो ६० दिवसच राहतो. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत कोट्यात मोजले जातात. भरलं की बॅकअप थांबतो आणि सूचना लोक बाजूला सारत राहतात.

एक-दोन माणसांच्या घराला २ टीबीच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क हा उत्तम मार्ग आहे. ‘अ’ डिस्क घरी, ‘ब’ डिस्क बहिणीकडे किंवा गावी. दर दोन-तीन महिन्यांनी येता-जाता अदलाबदल करा. डिस्कचा फॉरमॅट: फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस, विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर एक्सफॅट. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथेच अडतो. बाहेर जाणारी डिस्क व्हेराक्रिप्ट किंवा बिटलॉकरने कुलूपबंद करा, कारण तिच्यात आधार आणि पॅनचे स्कॅन असतात. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायला एसएसडी (चिपवाली डिस्क) घेऊ नका. विजेविना फार काळ पडून राहिली तर तिच्यातला डेटा विरू शकतो.

राउटरच्या मागच्या यूएसबी पोर्टात डिस्क लावून ‘घरचा क्लाउड’ करण्याचा मोह होतो. टीव्हीवर सिनेमे बघायला ते ठीक. बॅकअपला नाही. वेग कमी, डिस्कला वीज अपुरी पडते, काही राउटर अजून फाइली देण्या-घेण्याची एसएमबी १ ही जुनी असुरक्षित पद्धत वापरतात, आणि लाइट गेली की डिस्क लिहिता लिहिता बंद होते.

चार-पाच माणसांचे फोन आपोआप एका जागी यायला हवे असतील तर दोन डिस्कांचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला डेटाचा डबा, घ्या. तो राउटरला केबलनेच जोडा: गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे १ टीबीला अडीच तास, वाय-फायवर ४० एमबी मिळाले तर सात तास. डिस्क सीएमआर (पट्टे शेजारी-शेजारी लिहिणाऱ्या) प्रकारच्या घ्या, एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) नकोत. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ (Red) मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं आणि नॅस वापरणाऱ्यांत मोठा गदारोळ झाला. तेव्हापासून मॉडेल क्रमांक ताडूनच डिस्क घेण्याची सवय लोकांना लागली. तुम्हीही लावा. बिघडलेल्या डिस्कच्या जागी एसएमआर डिस्क लावून तिच्यावर दुसऱ्या डिस्कची प्रत पुन्हा उभी करताना लिहिण्याचा वेग फार पडतो आणि नॅस ती डिस्क बाद समजू शकतो.

दोन डिस्क आरशासारख्या, म्हणजे रेड १ (RAID 1) मध्ये, लावल्या की बॅकअप झाला असं समजू नका. चुकून पुसलेलं फोल्डर दोन्हींवरून त्याच क्षणी जातं. खंडणीसाठी फाइली अडकवणारा रॅन्समवेअरही दोन्हींवर एकदमच कुलूप घालतो. म्हणून नॅसवर स्नॅपशॉट (फाइलींच्या त्या-त्या वेळच्या स्थितीची नोंद) सुरू करा आणि आठवड्यातून एकदा यूएसबी डिस्कवर प्रत काढून डिस्क काढून ठेवा. बाहेरून बघता यावं म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट (इथे केबलची खाच नव्हे, इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडू नका. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅप कंपनीचे इंटरनेटवर उघडे असलेले नॅस असेच गाठले होते. त्याऐवजी टेलस्केल किंवा वायरगार्ड हे व्हीपीएन (सुरक्षित खासगी वाट) वापरा. नॅसला मिनी यूपीएस पुरत नाही, ६०० व्हीएचा यूपीएस लागतो. त्याची यूएसबी वायर नॅसला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आल्यावर तो स्वतःहून नीट बंद होईल.

पहिली प्रत काढताना

फोनवर ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ किंवा ‘फ्री अप स्पेस’ वापरलं असेल तर मूळ फोटो फोनवर नसतात. केबल लावून ओढले तरी छोट्या प्रती येतात किंवा काहीच येत नाही. अशा वेळी आयक्लाउड किंवा गुगलमधून मूळ फाइली उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो अँड्रॉइडवर कॅमेऱ्याच्या फोल्डरात नसतात, त्यांचं वेगळं मीडिया फोल्डर आहे. आजी-आजोबांचे कित्येक फोटो फक्त तिथेच असतात.

मराठी घरांतली एक हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांत टाइप केलेल्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या लिपी-संकेतात, नाहीत. फॉन्ट गेला की वडिलांचे लेख म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या फाइलींसोबत फॉन्टच्या फाइलीही त्याच फोल्डरात ठेवा, आणि जुना संगणक चालू आहे तोवर प्रत्येकीची पीडीएफ काढून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण बाइट जुळवा. जुळल्याशिवाय मूळ प्रत पुसू नका. क्लाउडवर पहिली प्रत जायला वेळ लागतो तो आधी काढा: ३०० जीबी, अपलोड ४० एमबीपीएस, तर साधारण १७ तास. लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करूनच सुरू करा.

पावसाळा आणि तपासणी

जून ते सप्टेंबर डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ओल शोषून संपली, पुडी बदला. डबा थंड खोलीतून आणला असेल तर उघडून लगेच डिस्क लावू नका, अर्धा तास थांबा.

दर तीन महिन्यांनी डिस्क जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा. ०५, सी५ आणि सी६ या ओळी डिस्कवरच्या खराब जागा मोजतात; त्यांचा मूळ आकडा (रॉ व्हॅल्यू) शून्य हवा. सी५ वाढत असेल तर त्याच दिवशी नवी डिस्क आणा. फक्त सी७ वाढत असेल तर डिस्क नव्हे, केबल बदला. डिस्कमधून टक्‌टक् आवाज येत असेल तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका, बंद करा. दर वेळी सुरू केल्याने आतली तबकडी आणखी खरवडली जाऊ शकते. त्याच बैठकीत वेगवेगळ्या वर्षांच्या दहा फाइली दुसऱ्या मशीनवर उघडा, त्यांत एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघा.

आणि एक कागद. त्यावर राउटरच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड, पीपीपीओईचं युजरनेम, नॅसचा पत्ता, डिस्कच्या कुलपाची रिकव्हरी की, आणि ‘ब’ डिस्क कुणाकडे आहे ते. हाताने, मोठ्या अक्षरात. एक प्रत घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत, दुसरी बंद पाकिटात, पण ‘ब’ डिस्क जिथे आहे त्या घरी नको. घरातल्या आणखी एका माणसाला तो कागद वाचून डिस्क उघडायला लावा, तुम्ही मध्ये न बोलता. तो जिथे अडेल ती ओळ पुन्हा लिहा.